कोरी उपाशी का राहते? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

टाकीच्या तळाशी राहणाऱ्या छोट्या मांजरमाशांबद्दल, म्हणजे कोरिडोरास किंवा थोडक्यात ‘कोरी’बद्दल, तुम्हाला काय विचारायचंय ते कळवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यातली बरीचशी एकाच तक्रारीभोवती फिरतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : ताई, माझ्या दोन फुटी टाकीत निऑन टेट्रा आणि गप्पी आहेत. तळाची घाण साफ होते असं विकणाऱ्याने सांगितलं म्हणून दोन ब्राँझ कोरी आणल्या. वरून पडलेलं त्या खातील म्हणून वेगळं खाद्य देत नाही. आता एकीचं पोट आत गेलंय आणि दोघींच्या मिशा आखूड दिसतात. टाकीत रंगीत खडी आहे. काय करू?

उत्तर : आज रात्रीच त्यांना खायला घाला, बाकीचं उद्या करू.

कोरी माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचं शेवाळही तिच्या कामाचं नाही. ती तळात अळ्या, किडे, जंतासारखे बारीक जीव हुडकून खाणारी मासोळी आहे आणि घरच्या टाकीत हे जीव नसतात. वरून पडलेल्या खाद्याचं म्हणाल, तर टेट्रा आणि गप्पी मधल्या पाण्यातच त्याचा फडशा पाडतात. खाली पोचतो तो चुरा, आणि तोही तुमच्या खडीच्या फटींत जातो. तिथे कोरीचं तोंड पोचत नाही. ‘सफाई करणारा मासा’ म्हणून कोरी विकली जाते तेव्हा मला मनापासून राग येतो, कारण त्या तीन शब्दांपायी ती महिनोन्‌महिने अर्धपोटी राहते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असल्यामुळे ती वरून बघितली तर धडधाकटच दिसते.

म्हणून पोट खालून बघायचं. टाकीसमोर जमिनीवर बसा, डोळे तळाच्या पातळीला आणा आणि कोरी काचेजवळ येऊन टेकेपर्यंत थांबा. छातीच्या परांच्या मागे पोट किंचित फुगीर हवं. सपाट असेल तर खाणं कमी पडतंय. आत गेलं असेल आणि पाठीचे स्नायूही डोक्यामागे बसल्यासारखे दिसत असतील, तर उपासमार बरीच जुनी आहे. भरपूर खाऊनही पोट भरत नसेल तर आतड्यात जंत असू शकतात. त्यावर औषध मिळतं, पण आधी दोन आठवडे नीट जेवू घालून बघा.

खाद्य बुडणारंच हवं : तळाशी जाऊन हळूहळू मऊ होणारी गोळी. टाकीचा दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने टाका. तोवर टेट्रा सुस्तावतात आणि कोरी अंधारातही मिशांनी आणि वासाने खाद्य बरोबर शोधते. आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेले ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) किंवा ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवून, लांब पिपेटने थेट तळाशी सोडा. पिपेट खाली जाताना दिसली की माझ्या स्टर्बाय कोरी आता तिच्या टोकाशी येऊन थांबतात. दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाका.

आता मिशा. धारदार खडीने मिशा घासतात हे तुम्ही ऐकलं असेल. ते थोडंफार खरंही आहे, पण त्याहून मोठं कारण खडीच्या आत असतं. फटींत अडकलेलं खाद्य कुजतं, तिथे जीवाणू माजतात आणि कोरी दिवसभर त्याच घाणीत नाक खुपसून असते. मिशांची टोकं आधी लाल किंवा पांढुरकी होतात, मग झडतात. मूळ शाबूत असेल तर तळ स्वच्छ झाल्यावर त्या पुन्हा वाढतात. तुमच्या पत्रात ‘आखूड’ म्हटलंय, ‘गेल्या’ नाही, तेव्हा आशा धरायला जागा आहे.

खडी काढून बारीक, गोलसर कणांची वाळू घाला. तीन-चार सेंटिमीटरचा थर पुरे. बादलीत ढवळून ढवळून धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. पण सगळी खडी एका दिवसात उपसू नका. पाण्यातला अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंचा मोठा वाटा फिल्टरमध्ये असला तरी काही खडीवरही असतात. आज अर्धी, आठवड्याने उरलेली. या काळात फिल्टरच्या स्पंजला हात लावू नका.

वाळू घातली की पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला कोरीचं खरं रूप दिसेल. ती डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते, तोंडभर वाळू घेते, खाण्याजोगं तेवढं ठेवते आणि उरलेली वाळू दोन्ही कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडते. कल्ल्यांमागे वाळूच्या दोन बारीक धारा पडताना दिसतात. खडीवर ठेवलेल्या कोरीला हे कधी करताच येत नाही.

आणि दोन नको, किमान सहा हव्यात. पोटं भरली, मिशा सावरल्या की आणखी चार ब्राँझ आणा. दुसऱ्या जातीच्या नाही, ब्राँझच.

प्रश्न : आमची पांडा कोरी मधूनच सुसाट वर जाते, पाण्याबाहेर तोंड काढते आणि तितक्याच वेगाने खाली येते. तिला श्वास लागतोय का? एअर पंप वाढवला तरी थांबत नाही.

उत्तर : थांबणारही नाही, आणि थांबवायचं कारणही नाही. कोरी कल्ल्यांनी श्वास घेतेच, शिवाय हवाही गिळते. गिळलेली हवा आतड्याच्या मागच्या भागात जाते. तिथलं अस्तर पातळ असतं आणि त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथून ऑक्सिजन रक्तात उतरतो. उरलेली हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या ओढ्यांत आणि पूरमैदानांत या जाती राहतात, तिथे पाणी आटलं, साचलं की त्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. तेव्हा हीच सोय तिला तगवते. पाण्यात ऑक्सिजन मुबलक असला तरी ती अधूनमधून वर जातेच. कधी एक गेली की पाठोपाठ चार-पाच जणी जातात. मोकळ्या पाण्यात वर जाणं शिकारी पक्ष्यांमुळे धोक्याचं असतं, घोळक्याने गेलं की तो धोका वाटला जातो.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट : टाकी झाकणापर्यंत काठोकाठ भरू नका. पाणी आणि झाकण यांच्यात चार-पाच सेंटिमीटर हवा राहू द्या. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वनस्पतींनी सगळं पाणी झाकलं गेलं असेल तर मधे मोकळी जागा करा.

काळजी कधी करायची तेही सांगते. सगळ्या कोरी मिनिटामिनिटाला वर जाऊ लागल्या, किंवा तळाशी बसून कल्ले धापा टाकल्यासारखे हलवू लागल्या, किंवा कल्ले लालभडक दिसले, तर लगेच पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. शून्याच्या वर काहीही दिसलं तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवणारं द्रावण टाका. टाकी नुकतीच मांडलेली असेल तर मूळ तिथेच आहे. फिल्टरमध्ये जीवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि कोरी त्यानंतरच यायला हवी. वर जाऊन हवा गिळता येते म्हणून तिला घाण पाणी चालतं असा एक समज आहे. अमोनिया कल्ले आणि कातडी जाळतो, आणि गिळलेली हवा त्यावर काहीच करू शकत नाही.

प्रश्न : पेपर्ड आणि स्टर्बाय दोन्ही आवडतात. एकत्र ठेवू? टाकी ६० लिटरची आहे, हीटर २७ अंशांवर.

उत्तर : एकमेकींशी भांडणार नाहीत, पण या दोघींना सोसणारं तापमान वेगळं आहे. पेपर्डला गारवा मानवतो, २० ते २४ अंश सेल्सिअसमध्ये ती खुलते. स्टर्बाय २४ ते २८ मध्ये सुखाने राहते. तुमच्या २७ अंशांत पेपर्ड जगेल, पण सतत ताणाखाली. हीटर तसाच ठेवायचा असेल तर सहा-सात स्टर्बाय घ्या आणि तिथेच थांबा. पांडासुद्धा गारव्याकडे झुकणारी आहे, २२ ते २५. टाकी याहून लहान असेल तर पिग्मी कोरी बघा, अडीच-तीन सेंटिमीटरच्या आतलीच असते. ती मात्र दहा-बाराच्या घोळक्यातच धीट होते आणि बाकीच्यांसारखी तळाला चिकटून न राहता मधल्या पाण्यात तरंगते.

पेटीवर किंवा पुस्तकात कोरिडोरासऐवजी दुसरंच नाव दिसलं तर गोंधळू नका. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुळाची फेरमांडणी केली आणि बऱ्याच जाती दुसऱ्या प्रजातींत गेल्या. ब्राँझ आता ऑस्टिओगॅस्टर, पेपर्ड आणि पांडा हॉप्लिसोमा. मासा तोच आहे आणि त्याची निगाही तीच.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. आमची कोरी माझ्याकडे बघून डोळा मारते. आई म्हणते माशांना पापण्या नसतात. मग ती काय करते?

उत्तर : आईचं बरोबर आहे आणि तू पाहिलंस तेही बरोबर आहे. कोरीला पापण्या नाहीत. ती बुबुळासकट अख्खा डोळा खाली वळवते आणि पुन्हा जागेवर आणते. डोळ्याचा वरचा चकचकीत भाग क्षणभर समोर येतो, म्हणून डोळा मिटल्यासारखं वाटतं. तळाशी राहणाऱ्या माशाला आपल्या तोंडाखाली काय आहे हे बघायला याचा उपयोग होत असणार. पुढच्या वेळी भिंग घेऊन बस आणि डोळा कुठल्या बाजूला वळतो ते टिपून ठेव. दोन्ही डोळे एकदम वळतात की एकेक? वहीत लिही आणि मला कळव.

तुला आणखी एक सांगते. पेपर्ड कोरीचे नमुने चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेत गोळा केले होते. त्यावरून १८४२ मध्ये लेनर्ड जेनिन्स यांनी त्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तुमच्या टाकीत पेपर्ड असेल तर ती त्याच जातीची.

प्रश्न : टाकी बदलताना कोरी जाळीत अडकली. सोडवताना तिच्या पराला इजा झाली आणि मलाही काटा टोचला. बोट बराच वेळ ठणकत होतं. विषारी असते का?

उत्तर : कोरीच्या पाठीच्या परात आणि छातीच्या दोन्ही परांत पुढे एकेक टणक काटा असतो. घाबरली की ती हे काटे ताठ करून जागच्या जागी अडकवते, म्हणजे गिळायला आलेल्या शिकाऱ्याच्या घशात ती आडवी बसावी. जाळीच्या छिद्रांतही हे काटे तसेच अडकतात. टोचल्यावर आग होते ती काट्यालगतच्या सौम्य विषामुळे. बहुतेकांना थोडा वेळ ठणका लागतो, मग उतरतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट धरा आणि जखम स्वच्छ धुवा. सूज वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा.

पुढच्या वेळी जाळी वापरूच नका. पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरा आणि दुसऱ्या हाताने कोरीला हळूच त्यात वळवा. ती पाण्यासकट डब्यात येते, काटा कुठेच अडकत नाही. जाळीत अडकलीच तर ओढू नका. जाळी पाण्यात धरून ठेवा, बऱ्याचदा काटे मिटून ती स्वतःच सुटते. नाहीच सुटली तर कात्रीने जाळीचे धागे कापा. जाळी नवी आणता येते. तुमच्या कोरीचा पर स्वच्छ पाण्यात भरून येईल. कडा पांढरी, कापसासारखी दिसू लागली तरच औषधाचा विचार करा.

प्रश्न : सकाळी काचेवर, फिल्टरच्या नळीवर छोटे पांढरट मणी चिकटलेले दिसले. टाकीत सहा ब्राँझ कोरी आहेत. आदल्या दिवशी पाणी बदललं होतं. ही अंडी आहेत का? पिल्लं वाढवता येतील?

उत्तर : अंडीच आहेत, अभिनंदन! हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. कोरी पोटभर खाऊन, निर्धास्त असल्याशिवाय अंडी घालत नाहीत.

आदल्या दिवशी पाणी बदललं हा योगायोग नाही. नवीन पाणी बहुधा टाकीतल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असणार. त्यांच्या मुलखात पावसाळा लागला की ओढ्यांत असंच थंड, ताजं पाणी येतं आणि वीण सुरू होते. पुढच्या वेळी मुद्दाम बसून बघा. नर मादीच्या मागे धावतात. मग मादी एका नराच्या पोटाला तोंड लावते आणि नर तिच्यासमोर आडवा होतो. वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षराचा आकार होतो. त्या काही क्षणांत मादीने पोटाखालचे पर जुळवून खिसा केलेला असतो आणि त्यात ती मोजकी अंडी सोडते. मग ती काचेवर जागा शोधते, तोंडाने ती साफ करते आणि अंडी चिकटवते. फलन कसं होतं हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राँझ कोरीवरच्या अभ्यासात दाखवलं गेलं : मादी शुक्राणू तोंडाने घेते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पार होऊन मागे बाहेर पडतात आणि परांच्या खिशातल्या अंड्यांपर्यंत पोचतात. आतड्याने श्वास घेणाऱ्या माशाचं आतडं या कामालाही येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता तुमची अंडी. टाकीतच राहिली तर मोठे मासे ती खातील, कोरी स्वतःसुद्धा. अंडी सुरुवातीला चिकट आणि नाजूक असतात. काही तासांनी कवच टणक होतं, मग बोटाच्या पेराने काचेवरून हळू लोटली की सुटतात. एका लहान डब्यात त्याच टाकीचं पाणी घ्या, त्यात अंडी पसरून ठेवा आणि एअर पंपची नळी लावा. बुडबुडे हलके हवेत, अंडी फक्त डुलली पाहिजेत. डब्याचं पाणी टाकीइतक्याच उबेत ठेवा, डबा टाकीतच तरंगत ठेवलात तर ते आपोआप होतं. मिथिलीन ब्लूचे, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या द्रावणाचे, अगदी थोडे थेंब टाका, पाणी फिकट निळं दिसेल इतकेच.

दुसऱ्या दिवसापासून रोज टॉर्च धरून बघायचं. फलित अंडी पिवळट, मग तपकिरी होत जातात. शेवटी आत हलणारी शेपटी आणि डोळ्यांचे दोन ठिपके दिसतात. दुधाळ पांढरी राहिलेली अंडी फळलेली नसतात. त्यांच्यावर बुरशीचे केस येतात आणि ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यावर चढते. अशी अंडी पिपेटने रोज उचलून टाका, उद्यावर ढकलू नका.

तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. निळं पाणी तेव्हा थोडं थोडं करून बदला. पहिले एक-दोन दिवस पिल्लं पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात, तोवर काही घालू नका. बलक संपला की मायक्रोवर्म (अगदी बारीक जंत) आणि ताजी उबवलेली ब्राइन श्रिम्पची पिल्लं, दिवसातून तीन-चार वेळा, चिमूटभरच. ब्राइन श्रिम्पची अंडी मिठाच्या पाण्यात, उबेत आणि हवेच्या बुडबुड्यांत ठेवली की २४ ते ३६ तासांत फुटतात, म्हणजे कोरीची अंडी फुटायला आली की इकडची तयारी सुरू करायची. देण्याआधी ती बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुवून घ्या.

पिल्लं बहुतेक वेळा दगावतात ती तळावरच्या घाणीने. उरलेलं खाद्य डब्याच्या तळाशी बुळबुळीत थर धरतं आणि पिल्लांचं पोट त्याच थरावर टेकलेलं असतं. रोज बारीक नळीने तळ ओढून घ्या आणि मऊ ब्रशने पुसा. ओढलेलं पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन बघा, एखाद-दुसरं पिल्लू त्यात हमखास आलेलं असतं. तितकंच पाणी टाकीतून घेऊन भरा. पिल्लं साधारण दीड सेंटिमीटरची झाली की वाळूवर सोडता येतील. ती वाळूत तोंड खुपसू लागली की मला नक्की लिहा.

प्रश्न : माशांवर पांढरे ठिपके आलेत. टाकीत पेपर्ड कोरी असताना मीठ किंवा औषध चालेल?

उत्तर : मी कोरीच्या टाकीत मीठ टाकत नाही. ठिपक्यांच्या परजीवीवर औषध त्याच्या पोहण्याच्या अवस्थेतच लागू पडतं, त्यामुळे ठिपके गेले तरी उपचार मधेच सोडू नका. औषध कोरीसाठी चालतं असं लिहिलेलंच घ्या आणि सुरुवात निम्म्या मात्रेने करा. तांबं असलेली औषधं टाळा. पाणी ३० अंशांपर्यंत तापवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो तुमच्या पेपर्डला झेपणार नाही, कोमट पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. दिवसाआड पाणी बदला, हवा वाढवा, फिल्टरमधला कोळसा औषध शोषतो म्हणून तो काढून ठेवा.

प्रश्न : कोरी शेवाळ खात नाही, तर मग कोणता छोटा मांजरमासा आणू? सकर आणू का?

उत्तर : सकर म्हणून मिळणारं बोटभर पिल्लू पुढे दीड फुटापर्यंत जातं. घरच्या टाकीसाठी तो मासा नाही. चार-पाच सेंटिमीटरचा ओटोसिंक्लस काचेवरचं आणि पानांवरचं शेवाळ खरोखर खातो. पण तो टाकी मांडल्यावर लगेच आणू नका. काही महिने मुरलेल्या टाकीतच त्याला पुरेल इतका शेवाळाचा पातळ थर असतो आणि विकायला येणारे पुष्कळ ओटो नदीतून पकडलेले, प्रवासात उपाशी राहिलेले असतात. घेताना पोट बघा, कोरीचं बघता तसंच, खालून. गोल पोटाचे पाच-सहा निवडा. शेवाळ संपत आलं की वाफवलेल्या काकडीचा काप जेवणाच्या काट्याला (फोर्कला) लावून तळाशी ठेवा आणि सकाळी काढून घ्या. पहिले काही दिवस ते त्याकडे फिरकणार नाहीत. तरी रोज ताजा काप ठेवत राहा, एकाने तोंड लावलं की बाकीचे येतात.